डावा कोपरा

तालुक्याची स्पर्धा जिंकून आल्यापासून मयुरीला एका जागी बसवत नव्हतं. जेवायला बसली की डावा गुडघा आपोआप उडायचा, ताटातली वाटी हलायची आणि वरण सांडायचं. बेबीताई भाकरी थापता थापता लेकीकडे बघत राहायची.

"अवं, दोन घास त नीट खाय. पाय काऊन हलवून राह्यली?"

"मी कुठं हलवतो? थो आपलाच हलते."

"वारं भरलं वाटते अंगात."

मयुरीने उरलेली भाकरी तोंडात कोंबली, उभ्याउभ्याच पाणी प्यायली आणि मैदानाची वाट धरली. सरावाला अजून बराच वेळ होता. मैदानावर दोन शेळ्या आणि वाळत घातलेली गोधडी, एवढंच होतं. ती एकटीच रेषांवरून पळत राहिली.

जानेफळच्या मुलींचा कबड्डीचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याला निघाला होता. त्यात सुवर्णाताईंनी सांगून ठेवलं होतं, की बुलढाण्याला विभागाचा संघ निवडणारी माणसं येणार आहेत, प्रत्येक सामना बघणार आहेत. सुवर्णाताई या मुलींच्या प्रशिक्षक. मेहकर आगारात कंडक्टर होत्या आणि कधीकाळी विद्यापीठाकडून खेळल्या होत्या. ड्यूटी संपली की खाकी कपड्यांवरच मैदानावर यायच्या, चपला बाजूला काढून अनवाणी उभ्या राहायच्या. निवडीचं त्यांनी सगळ्या मुलींना एकत्र बसवून सांगितलं होतं. पण मयुरीला वाटलं, ताई आपल्याकडेच बघून बोलल्या.

ती डाव्या कोपऱ्यात खेळायची. समोरच्या संघाची रेडर, म्हणजे चढाई करणारी, आत आली की तिचा घोटा धरायचा, हे तिचं काम. आणि तिच्या शेजारी, तिचा हात धरून, रेवती. कोपऱ्यातलीने घोटा धरला की शेजारणीने त्याच क्षणी रेडरच्या कमरेला भिडायचं. एक जण गेली आणि दुसरी मागे राहिली, तर तगडी रेडर पाय ओढत मध्यरेषा गाठते. म्हणून हात धरायचा. दोघींच्या साखळीत 'आता' असं कोणी म्हणत नसे. मयुरी हात दाबायची आणि दोघी निघायच्या.

रेवती गावातल्या हायस्कूलमध्ये क्लार्क असलेल्या भालचंद्र पाठकांची मुलगी. घरात शुद्ध बोलायची, मैदानावर आली की मयुरीसारखं. सहावीपासून दोघी शेजारी शेजारी खेळत होत्या. आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होत्या. पाठकांच्या घरी रेवतीची आई, शकुंतलाकाकू, दोघींना एकदमच वाढायच्या, आणि रेवती मयुरीच्या घरी आली की बेबीताई तिच्यासाठी ठेचा जरा कमी तिखट करायची.

त्या आठवड्यात मयुरीने हात दाबणं बंद केलं.

ठरवून केलं असं नाही. रेडर आत आली की तिचं अंग पेटायचं. घोटा दिसायचा आणि ती सुटायची. सरावात ती एकटीच झेपावून पकड करू लागली. दोन्ही हातांनी पाय कवटाळायचा, जमिनीवर लोळण घ्यायची, सोडायचंच नाही. पकड झाली की उठून मांडीवर थाप मारायची. बाकीच्या मुली टाळ्या वाजवायच्या. रेवती हात तसाच पुढे धरून उभी असायची.

"तू सांगत नाई आता," रेवती एकदा म्हणाली.

"वेळ कुठं राह्यते सांगाले?"

"पह्यले राहे."

"पकडली न म्या? मंग?"

सुवर्णाताईंनीही ते पाहिलं होतं. त्यांनी खेळ थांबवला. "मयुरी, पकड झकास हाय तुही. पर त्या शेजारणीले काय बुजगावण्यासारखं उभं केलं का? तिले घेऊन जाय."

मयुरीने मान हलवली. पुढच्या चढाईला पुन्हा एकटीच गेली.

बुलढाण्यात थंडी होती. मैदानावर दोन मॅट अंथरल्या होत्या, कडेला मंडप, मंडपात टेबल, टेबलामागे निवड करणारे तिघे जण कानटोप्या घालून बसलेले. मयुरीने पहिल्या सामन्याआधीच त्यांची जागा हेरून ठेवली. डावा कोपरा त्यांच्या अगदी समोर येत होता.

पहिल्या सामन्यात तिने सलग पकडी केल्या. लोक ओरडायला लागले. जानेफळचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, पण 'ए डावा कोपरा' अशा हाका यायला लागल्या. दुसरा सामनाही तसाच गेला. मधल्या वेळात बाकीच्या मुली सतरंजीवर पाय पसरून बसल्या, संत्री सोलून खाऊ लागल्या. मयुरी मैदानाला चकरा मारत राहिली. चहाच्या टेबलाजवळून जाताना तिघांपैकी एकाने तिला हाक मारली.

"जानेफळ ना? हिंमत आहे तुझ्यात. फायनलपर्यंत या, मग बघू."

तिने 'हो सर' म्हटलं की नाही, हेही तिला नंतर आठवेना. ही गोष्ट रेवतीला सांगायला ती धावत आली आणि सतरंजीपाशी येऊन न सांगताच उभी राहिली. का, ते तिलाही कळलं नाही.

उपांत्य सामना चिखलीच्या मुलींशी होता. खेळ अटीतटीचा चालला होता. चिखलीची रेडर डाव्या बाजूला आली, पाय पुढे टाकला, आणि मयुरीने रेवतीच्या हातातून आपला हात हिसकावून झेप घेतली. रेडरने पाय काढून घेतला. मयुरी पोटावर आपटली. तिला सावरायला रेवती वाकडीतिकडी पुढे आली, रेडर तिच्यावरून उडी मारून गेली आणि रेवती हातावर पडली. दोघी बाद. रेवती उठली तेव्हा तिच्या डाव्या हाताची करंगळी भलतीकडेच वळलेली होती.

सामना तरी जिंकला. आचल, त्यांची चढाई करणारी, तिने शेवटी दोन गुण खेचून आणले म्हणून. डॉक्टरांनी रेवतीची करंगळी ओढून जागेवर बसवली आणि शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून टाकली. रेवती ओरडली नाही. फक्त डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं.

मंडपामागे पाण्याची टाकी होती. रेवती एका हाताने तोंड धूत होती. मयुरी तिच्यामागे जाऊन उभी राहिली, मग बाजूला, मग पुन्हा मागे.

"दुखते का?"

"मंग काय गुदगुल्या होते?"

"तू काऊन पुढं आली? मी पडली होती, मले पडू देती."

रेवतीने नळ बंद केला. "मयुरी, तुले एक विचारतो. रेडर आत आली की मी कोणाकडं पाह्यतो, माहीत हाय?"

"रेडरकडं."

"नाई. तुह्याकडं. तू कधी सुटशीन याचा नेम नाई, म्हणून मी तुलेच पाह्यत राह्यतो. रेडर कुठं हाय, तिचा पाय कुठं हाय, मले दिसतच नाई. तीन सामने झाले, म्या एक पकड केली नाई. लोकायले वाटत असन, या पोरीले खेळता येत नाई."

मयुरीला राग आला. "मी पकडी केल्या म्हणून आपण इथवर आलो," ती म्हणाली.

"हाव. तूच आणलं."

रेवती एवढंच म्हणून निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मयुरी टाकीभोवती फिरली, मंडपाभोवती फिरली, मैदानाबाहेर रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. पायांत मुंग्या आल्यासारखं होत होतं. ती मनातल्या मनात रेवतीला उत्तरं देत होती, एकापेक्षा एक सरस, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तिला ती करंगळी दिसत होती.

ती परत आली तेव्हा सुवर्णाताई रेवतीशी बोलत होत्या.

"तुले उजवीकडं टाकतो. उजवीकडली तनुजा डावीकडं उभी राहीन."

"नको ताई. मी तिथंच राह्यतो."

"काऊन वं? बोट मोडून घेतलं तरी?"

"तनुजाले मयुरीची सवय नाई. तिचा पुरा हातच मोडन."

ताई हसल्या. रेवती हसली नाही. मयुरीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

अंतिम सामना मलकापूरशी. त्यांची सात नंबरची रेडर उंच, लांब पायांची आणि शांत डोक्याची होती. तिने आधीचे सामने बघितले होते, हे पहिल्याच चढाईत कळलं. ती सरळ डाव्या कोपऱ्यात आली, मयुरीच्या समोर पाय ठेवला, जणू घे म्हणाली. मयुरी सुटली. पाय तिथे नव्हताच. सात नंबरने मागे वळतावळता तिच्या पाठीवर हात टेकवला आणि निघून गेली. मयुरी बाद. आचलने चढाईत गुण मिळवला म्हणून मयुरी परत आत आली, तर पुन्हा तेच झालं. तोच पाय, तीच झेप, तीच टाळी मलकापूरच्या बाजूला.

बाद झालेल्या मुली कोर्टामागे रांगेत बसतात. मयुरी बसली. तिला बसणं कधीच जमलं नव्हतं, पण इथे नियमच होता. गुडघे छातीशी घेऊन ती कोर्टाकडे बघू लागली. डावा कोपरा कोर्टाच्या मागून तिने आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला.

तिच्या जागी तनुजा सरकली होती. सात नंबर आत आली. रेवतीची मान तनुजाकडे वळलीच नाही. ती रेडरच्या कमरेकडे बघत होती. रेडर डावीकडे झुकली, रेवती अर्धं पाऊल मागे सरली, रेडर फसून अजून आत आली, आणि रेवतीने तनुजाला ओढत नेऊन रेडरला अशी मिठी मारली की तिघीही धप्पकन मॅटवर पडल्या. शिट्टी झाली. सात नंबर बाद.

मंडपातून लोक ओरडले. मयुरीही ओरडली, तोंडावर हात ठेवून. आणि त्या ओरडण्याच्या मधोमध तिच्या लक्षात आलं. आपण नव्हतो म्हणून हिला दिसलं. आपण बाजूला असतो तर हिला दिसत नाही. ती टाकीजवळची सगळी सरस उत्तरं कुठल्या कुठे गेली.

रेवतीने पकड केली म्हणून नियमाप्रमाणे एक बाद खेळाडू परत येणार होती, आणि पाळी मयुरीची होती. ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. रेवतीने सवयीने डावा हात पुढे केला. त्यावर पांढरी पट्टी. तो हात धरायचा कसा, हे मयुरीला कळेना. मग तिने बोटं सोडून मनगट धरलं. मनगट गरम होतं आणि शीर जोरजोरात उडत होती.

"तू रेडरले पाह्य," मयुरी हळूच म्हणाली. "मी कुठं जात नाई."

रेवतीने वळून बघितलं नाही. "पाहू," म्हणाली.

पुढचा खेळ मयुरीला फार जड गेला. पाय समोर यायचा आणि तिने जायचं नाही. दोनदा ती निघता निघता थांबली. एकदा रेवतीने स्वतःच मनगट झटकून इशारा दिला आणि दोघी एकदम गेल्या, पकड झाली. ती पकड रेवतीची म्हणायची की मयुरीची, कोणालाच सांगता आलं नसतं. मंडपातून कोणी 'डावा कोपरा' अशी हाकही मारली नाही.

शेवटची चढाई उरली तेव्हा जानेफळ एका गुणाने पुढे होतं. कोर्टात त्यांच्या पाच जणी होत्या. सुवर्णाताईंनी वेळ मागून घेतला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"ऐका. पाचच जणी हाओ, म्हणजे नुसती रेषा ओलांडून तिले बोनस गुण भेटत नाई. तिले कोणाले तरी शिवाच लागते. आपल्याले गुण नकोच हाय. कोणी पकडाले जायचं नाई. मागं राह्यचं, एकमेकीले धरून, शिट्टी होईपर्यंत. समजलं?" मग त्या मयुरीकडे वळल्या. "तुले समजलं का?"

"हाव ताई."

सात नंबर आत आली. कबड्डी कबड्डीचा आवाज एकसारखा, अजिबात घाई नसलेला. ती उजवीकडे गेली, परत आली आणि मयुरीसमोर थांबली. डावा पाय पुढे टाकला. घोटा मयुरीपासून हातभर लांब होता. पांढरा मोजा खाली सरकलेला. त्या पायामागे, बरोबर समोर, मंडपातलं टेबल आणि त्या तीन कानटोप्या. एक पकड, आणि उद्या नाव पेपरात. मयुरीच्या मांड्या ताणल्या गेल्या. समोर आलेला घोटा सोडून द्यायचा, हे तिच्या अंगाला माहीतच नव्हतं.

"ये न," सात नंबरच्या डोळ्यांनी म्हटलं.

मयुरीने खालचा ओठ दातांत धरला आणि एक पाऊल मागे घेतलं. रेवतीही तिच्यासोबत मागे आली. सात नंबर अजून आत शिरली. वेळ संपत आला होता, तिचा आवाज आता चढला होता. अचानक तिने मयुरीचा नाद सोडला आणि पूर्ण अंग लांबवून रेवतीकडे हात फेकला. रेवती तिच्या पायांकडे बघत होती, हात तिला उशिरा दिसला.

मयुरीने मनगट मागे ओढलं, सगळ्या ताकदीने. रेवती तिच्या अंगावर आदळली. सात नंबरची बोटं रेवतीच्या छातीसमोरून रिकामी गेली. शिट्टी झाली.

पंचांनी रिकामी चढाई दाखवली. आपण जिंकलो हे मुलींना कळायला एक क्षण लागला, मग सगळ्या आचलवर तुटून पडल्या, कारण गुण तिचेच जास्त होते. तिला खांद्यावर घेतलं. मयुरी आणि रेवती कोपऱ्यातच उभ्या होत्या. मयुरीने अजून मनगट सोडलं नव्हतं. सोडलं तेव्हा त्यावर तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

"लय जोरात ओढलं वं," रेवती म्हणाली.

"मंग काय करू? शिवत होती तुले."

"म्हणून त म्हणतो. चांगलं ओढलं."

लगेच झालेल्या बक्षीस समारंभात विभागाच्या संघाची नावं माइकवरून वाचली गेली. मलकापूरच्या सात नंबरचं नाव आलं, चिखलीच्या एकीचं आलं. आचलचं आलं आणि जानेफळच्या मुली उड्या मारू लागल्या. मयुरी प्रत्येक नावाआधी श्वास धरत होती. सगळी नावं झाल्यावर माइकवरचा माणूस म्हणाला, "राखीव खेळाडू, रेवती भालचंद्र पाठक." आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मयुरी टाळ्या वाजवत होती. हात वाजत होते एवढंच तिला कळत होतं.

बसकडे जाताना सुवर्णाताई तिच्याजवळ आल्या. "म्या त्यायले जाऊन विचारलं," त्या म्हणाल्या. "शेवटची चढाई पाह्यली का म्हणलं, डाव्या कोपऱ्यातल्या पोरीची? ते म्हणे, त्या चढाईत त काहीच झालं नाई."

मयुरीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"म्या पाह्यलं," ताई म्हणाल्या आणि नेहमीसारख्या मुली मोजायला पुढे गेल्या.

बसमध्ये जागा होती, तरी मयुरी दांड्याला धरून उभी राहिली. चिखली मागे पडलं. शेतांत हरभरा दाट उभा होता, त्यावर ऊन तिरपं पडलं होतं. मागच्या सीटवर गाणी चालू होती. रेवती खिडकीशी बसली होती, बांधलेला हात मांडीवर घेऊन. बऱ्याच वेळाने मयुरी तिच्या शेजारी टेकली.

"खुशी झाली का तुले?"

"झाली," रेवती म्हणाली. "थोडी भेवही वाटते."

"मले नाई झाली."

"माहीत हाय."

"मी ढोंग करत नाई तुह्यासमोर. माह्या पोटात आग पडली हाय. तुह्यं नाव आलं तवा मले वाटलं, हिचं काऊन? मंग वाटलं, हिचं नाई त कोणाचं? दोन्ही एकदमच वाटलं."

रेवतीने बांधलेला हात मांडीवर सरळ केला. मग म्हणाली, "माह्यं नाव आलं नसतं आणि तुह्यं आलं असतं, त मलेही तसंच झालं असतं."

"खरं?"

"मंग. मी काय देव हाओ?"

मयुरीला हसू आलं, रडूही आलं. तिने खिडकीची काच वर केली, खाली केली. "राखीव म्हणजे कुठंही खेळा लागन तुले," ती म्हणाली. "कोपऱ्यातही टाकतीन. घोट्याची पकड कुठं येते तुले?"

"नाई येत."

"मंग?"

"मंग काय, तू शिकव."

मेहकर येईपर्यंत मयुरी नखं कुरतडत होती.

रेवतीची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मैदानावर होत्या. विभागाचं शिबिर अमरावतीला भरणार होतं आणि दिवस थोडे होते. रेवती डाव्या कोपऱ्यात उभी राहिली, मयुरीच्या जागेवर. मयुरी मध्यरेषेपलीकडे गेली. तिने आयुष्यात कधी चढाई केली नव्हती. कबड्डी कबड्डी म्हणत आत आली आणि चार पावलांतच तिचा दम तुटला.

रेवती पोट धरून हसायला लागली. "हे काय वं? म्हातारी खोकलल्यासारखी!"

"हस नको. पाय पाह्य माह्या. मी पाय टाकतो, तू लगेच जाऊ नको. टाच टेकली की जाय. पंजावर असन त जाऊ नको, फसवून राह्यली समज."

"हे तुले कधी समजलं?"

"त्या सात नंबरनं शिकवलं. दोन वेळा."

ती पुन्हा आत आली. रेवती चुकली. पुन्हा आली, रेवती लवकर सुटली. मयुरी चिडली, ओरडली, मातीत पाय आपटले, परत रेषेवर गेली. सूर्य वर आला तसा तिच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. पाचव्या की सहाव्या वेळी रेवतीने नेमका टाच टेकल्यावर घोटा धरला. मयुरी तोंडावर आपटली. कोपर सोलपटलं. ती पडूनच ओरडली, "अस्सं! सोडू नको, अजून सोडू नको!"

रेवतीने सोडलं नाही. मयुरी हात टाकत मध्यरेषेकडे सरपटत राहिली, पोचू शकली नाही आणि शेवटी मातीत डोकं टेकवून धापा टाकू लागली.

"झालं?" रेवतीने विचारलं.

"झालं कुठं," मयुरी उठत म्हणाली. कोपराची माती झटकली आणि मध्यरेषेकडे निघाली. "अजून उजव्या पायाची बाकी हाय."